गलाई

मायणी रोडवरून मुलाण्यांची अस्मा आली,
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, गळ्यात पेनड्राइव्ह,
सॅकमध्ये स्क्रूड्रायव्हर आणि डब्यात खिचडी.
म्हणाली, काका, विंडोज आता राहू द्या,
याला झेपत नाही. लिनक्स टाकू, हलकं असतं.
मी म्हटलं, टाक. पण बघू दे.
तीस वर्षं गुंटुरात भट्टीपुढं काढली,
वितळताना बघायची खोड आहे.

हा डबा दोन हजार सातचा.
धैर्यशीलच्या बारावीला सांगलीहून आणलेला,
डबा वडापच्या टपावर, मॉनिटर माझ्या मांडीवर.
अलीकडं सुरू केला की एकच तारीख दाखवायचा:
एक जानेवारी, दोन हजार दोन.
आम्ही सून आणली, नातवाचं जावळ काढलं,
याचं आपलं रोज नवीन वर्ष.

आणि ती हिरवी टेकडी.
वर निळं आभाळ, खाली एक झाड नाही, एक मेंढरू नाही.
विट्याला सुट्टीवर आलो की टँकरला नंबर लावायचा
आणि घरात येऊन त्या टेकडीपुढं बसायचं.
शालन एकदा म्हणाली होती, कुणाचं रान असंल वो हे,
पाणी कुठलं असंल?
आता टेंभूचं पाणी आलंय, पलीकडं ऊस उभा आहे,
तरी ते रान कुणाचं, कळलं नाहीच.

अस्मानं जुनं सगळं बाजूला काढलं:
दुकानाचे हिशोब, धैर्यशीलचे मार्क,
मेहुण्याच्या लग्नातले सत्तावीस फोटो, त्यात बावीस पंगतीचे,
न्यू फोल्डर नावाचे अकरा कप्पे, सात रिकामे.
मग पडद्यावर प्रश्न आला.
सगळं पुसून नवीन बसवायचं का?
तिचं बोट माऊसवर, डोळे माझ्याकडं.

प्रश्न ओळखीचा होता.
बाई यायची पाटल्या घेऊन,
काट्यावर ठेवायची, आकडा बघायची,
आणि मुशीत पडायच्या आधी एकदा
परत हातात मागून घ्यायची.
आम्ही थांबायचो. तिथं घाई करायची नसते.
मग भाता, मग सवागीची चिमूट.
नक्षी आधी जाते. मग कोरलेलं नाव. मग डाग.
खाली लगड उरते,
तिला आहेर माहीत नसतो, भांडण माहीत नसतं.
टंच तेवढा खरा.

यातलं काय उरणार, मी विचारलं.
काही नाही काका, कोरं होणार.
मला पटलं नाही. वजन तरी?
ती हसली. वजन तेवढंच, डब्याचं.

शालन आतून आली, हाताला पीठ.
तिचा एकच मुद्दा. पत्ते राहतील का?
दुपारी दोन ते तीन ती एकटी डाव लावते,
हरली तर यंत्राला शिव्या,
जिंकली की पत्ते उड्या मारत खाली सांडतात
ते शेवटच्या पत्त्यापर्यंत बघते.
असतात की मावशी, पण वेगळे.
वेगळे म्हंजे? राजाला दाढी हाय न्हवं?

मी म्हटलं, दाब.

पट्टी बावीस टक्क्यांवर बसून राहिली.
चहा झाला, खिचडी तिघांत झाली,
लाईट जाईल म्हणून सगळ्यांचं लक्ष पंख्याकडं.
अस्मानं पत्रा उघडून रुपयाएवढा सेल बदलला,
आणि यंत्राला कळलं, आज मंगळवार आहे.

टेकडी नव्हती. करडा पडदा, मधे एक पान.
शालन बसली. राजाला दाढी होती.
पण जिंकल्यावर पत्ते सांडलेच नाहीत,
नुसतं लिहून आलं, अभिनंदन.
तिनं वळून माझ्याकडं बघितलं,
त्या बायका बघायच्या तसं.

संध्याकाळी मी ब्रशनं डब्यातली धूळ
पेपरवर झाडली. करडी, मऊ, सतरा वर्षांची.
फेकायला उठलो आणि हात थांबला.
आमच्यात झाडलोट कुणी फेकत नाही,
सराफकट्ट्यावरची माती आम्ही पोत्यानं विकत घ्यायचो.
पुडी बांधली. काटा काढला.
साडेतीन ग्रॅम.
वहीत तारीख घातली, वजन घातलं.
गिऱ्हाइकाच्या नावापुढं काय लिहावं कळेना,
जागा मोकळी ठेवलीय.